सातवं झाड

माझा बाप नर काढायचा. एवढंच सांगितलं की आजकालची माणसं माझ्या तोंडाकडे बघत राहतात, म्हणून आधी ते नीट सांगतो.

पूर्वी खंडव्याकडे गांजाची शेती होती. चोरून नाही, सरकारी लायसनवर. शेतावर शिपाई बसायचा, माल सरकारी गोदामात जायचा. या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी, पपईत असते तशी. नराचं फूल उमललं, त्याची पिवळी भुकटी वाऱ्याने उडून मादीवर बसली, की मादी बी धरते; आणि बी धरलं की माल बिघडला. बियांच्या गांजाला व्यापारी हातसुद्धा लावत नसे. तेव्हा फूल उमलायच्या आधी शेतात फिरायचं, एक-एक नर ओळखायचा आणि मुळासकट उपटायचा. बोलायला सोपं आहे. झाडं दिसायला सारखीच असतात, आणि खूण असते ती पानाच्या बगलेत, ज्वारीच्या दाण्याहून लहान. शेतकऱ्याला ते जमत नसे. त्यासाठी माणूस बोलवावा लागे. तो माणूस म्हणजे माझा बाप, आणि त्याच्यानंतर मी.

आजा खानदेशातून रेल्वेत खलाशी म्हणून खंडव्याला आला होता. बापाला इंजिनाचा धूर सोसला नाही, तो शेताकडे वळला. त्याने शाळा बघितली नव्हती, मी तिसरीपर्यंत बघितली. पण आम्ही शेतात शिरलो की लायसनवाला मालक बांधावरच थांबायचा. आत पाय टाकायचा नाही. एक नर चुकून राहिला तर त्या शेताबरोबर शेजारचीही शेतं जायची, आणि ज्याच्या हातून तो राहिला त्याला पुढच्या साली कुणी बोलवत नसे. आम्हाला दरसाल बोलावणं यायचं. हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही. खरं आहे म्हणून लिहितो.

मग बी कुठून यायचं, हा सवाल कुणालाही पडेल. मला तो कधी पडला नाही. गावाच्या दुसऱ्या अंगाला, जिथून वारा शेताकडे येत नाही अशा कोपऱ्यात, शेतकऱ्यांच्या म्हाताऱ्या बाया थोडी झाडं बियाण्यासाठी राखायच्या, नर-मादी दोन्ही. बाप त्या बाजूला फिरकतसुद्धा नसे. नर काढणाऱ्याने नरांमध्ये कशाला जावं? बी बायांनी बघायचं, नर आम्ही बघायचे, अशी ती वाटणी होती.

पुढे कायदा आला आणि ती शेती बंद पडली. बाप दोन वर्षांत गेला. मी इंदूरला आलो, पोलोग्राउंडला एका कारखान्यात प्रेस मशीनवर लागलो आणि म्हातारा होईपर्यंत पत्र्याचे डबे ठोकले. नर काढत होतो हे तिथे कुणाला सांगितलं नाही. मुलीच्या लग्नात व्याह्यांनी विचारलं, "पहले क्या करते थे?" मी म्हटलं, शेती. बायको म्हणाली, बरं झालं पुढचं नाही विचारलं.

फक्त श्रावणातल्या एका सोमवारी मी मानपूरकडे जायचो. घाट उतरायच्या अलीकडे हायवेला लागून शंकराचा एक लहानसा मठ होता. त्याच्या मागच्या भिंतीला दरसाल आपोआप झाडं उगवायची. महंत त्यांना पाणी घालायचा नाही की काढायचाही नाही. "भोलेनाथ का है, उन्हीं का रहने दो," एवढंच म्हणायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हाच मी ओळखलं. रस्त्याच्या कडेला, गटाराजवळ उगवते ती जंगली भांग ही नव्हे. पान अरुंद, बायकांच्या बोटासारखं. दांडी उन्हाच्या बाजूने जांभळट. आणि पान चुरडलं की कैरीच्या चिकासारखा वास. हे आमचं खंडव्याचं झाड. इथे कसं आलं देव जाणे. ट्रकवाल्यांच्या पोत्यातून बी सांडलं असेल. मी दरसाल जाऊन बघून यायचो. हात लावत नव्हतो.

मागच्या श्रावणात गेलो तर मठाची मागची भिंत नव्हती. रस्ता रुंद करायला घेतला होता. जेसीबीने तिथली माती दोन पुरुष खोल उकरून नेली होती. आणि त्या उकरलेल्या जागेच्या काठावर एक बाई वही घेऊन उभ्या होत्या, केस पांढरे व्हायला लागलेले, पायात मोठे बूट.

मी आपलं स्वतःशीच बोललो, "गेलं खंडव्याचं झाड."

त्या वळल्या. मराठीतच म्हणाल्या, "काय म्हणालात तुम्ही? खंडव्याचं?"

अशी मॅडमजींची ओळख झाली. त्या इंदूरच्या एका कॉलेजात झाडांचं शास्त्र शिकवतात. जुन्या पुस्तकांत खंडव्याच्या या वाणाचं वर्णन आहे, पण बी कुणाकडेच नाही, संपला म्हणून लोकांनी सोडून दिला, असं त्यांनी सांगितलं. मठातलं झाड तेच असावं असा त्यांना दोन वर्षं संशय होता. सरकारची परवानगी मिळवता मिळवता दोन वर्षं गेली आणि परवानगी हातात आली तेव्हा जेसीबी आधी पोचला होता. महंताने मागच्या हिवाळ्यात झाडून ठेवलेलं चिमूटभर बी तेवढं एका डबीत होतं. ते त्यांच्या पिशवीत होतं.

"औषधाला लागेल, धाग्याला लागेल, ते पुढचे लोक बघतील," त्या म्हणाल्या. "आधी वाण तर राहिला पाहिजे. काका, तुम्ही येऊन बघाल?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या कामासाठी बोलावलं. मी विचार करून सांगतो म्हटलं. बसमध्ये बसेपर्यंत माझा विचार झाला होता.

कॉलेजच्या शेतावर एक जाळीचं घर केलं होतं, कुलूपवालं. आत कॅमेरा, दाराशी रजिस्टर. एक पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही. जे तुटेल, वाळेल ते कोपऱ्यातल्या ड्रममध्ये टाकायचं, कायदा तसा आहे. मॅडमजींनी सगळं बी पेरलं. बी ओल लागलेलं, अर्धं पोकळ. उगवली चौदा झाडं.

मी रोज सकाळच्या सिटी बसने जायला लागलो. बायको म्हणायची, "पोलोग्राउंडला होते तेव्हा साताच्या शिफ्टला हाका मारून मारून माझा घसा बसायचा. आता गांजासाठी पाचाला उठून राहिले."

"गांजा नाही, वाण आहे," मी म्हणायचो.

"मग खजराण्याच्या गणपतीला प्रसाद म्हणून ठेवा तुमचा वाण."

शेतावर कामाला एक माळीणबाई होती, देवासकडची, पन्नाशी उलटलेली. वीस वर्षं तिने कॉलेजचे गुलाब सांभाळले होते. ती मला बासाब म्हणायची, म्हणजे त्यांच्या माळवीत वडील माणूस. मला उस्ताद समजून ती मी काय करतो ते बघत बसायची, आणि ते मला आवडत होतं, खोटं कशाला बोलू.

नवरात्राच्या तोंडावर मॅडमजींना पुण्याला जावं लागलं. मुलीचं बाळंतपण होतं. निघताना त्यांनी लाल रिबनीचा एक गठ्ठा माझ्या हातात दिला.

"काका, आता नर कोणता ते दिसायला लागेल. जो नर वाटेल त्याला रिबन बांधा आणि मला फोन करा. कोणते ठेवायचे ते मी येऊन ठरवते. आपल्याला बी पाहिजे, लक्षात आहे ना?"

"लक्षात आहे," मी म्हटलं. रिबन बांधायची कल्पना मला पटली नव्हती. ज्याला लक्षात राहत नाही त्याने रिबन बांधावी.

नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी जाळीत शिरलो. रात्री थोडी थंडी पडली होती, पानांवर ओल होती. पहिल्याच झाडाशी वाकलो आणि पानाच्या बगलेत ती खूण दिसली. देठावर लोंबणारी बारीक गोल कळी. नर. पुढे काय झालं ते मी कितीतरी वेळा आठवून बघितलं आहे. डोक्यात काही विचार आला आणि मग हात गेला, असं झालं नाही. हात गेला. बुंध्याला अंगठा लावला, मनगट वळवलं, झाड मुळासकट वर. बापाने शिकवलेलं वळण, चाळीस वर्षांनी जसंच्या तसं. माती झाडली, डाव्या काखेत धरलं, पुढे सरकलो. दुसरा नर. तिसरा. काय सांगू, अंगात जीव आल्यासारखं वाटत होतं. गुडघे दुखत नव्हते. सहा नर काढले.

माळीणबाई बघत होती. तिला वाटलं, असंच करायचं असतं. सहा काढलेले तिने हातात घेऊन उलटसुलट बघितले आणि मग सातव्या झाडाशी जाऊन वाकली.

"बासाब, यो बी नर हे. इके बी निकाली दो."

मी जाऊन बघितलं. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, डाव्याचा काढला आहे. मला तिथे कळी दिसली नाही. बारीक पांढरा केस दिसल्यासारखा वाटला, म्हणजे मादी.

"मादी आहे."

"कईं वात करो हो बासाब, देखो तो, मोती जैसो लटकी रियो हे."

"तू कालपर्यंत गुलाब करत होतीस. आज मला नर शिकवून राहिली?"

तिने खुरपं उचललं आणि ती गुलाबांकडे गेली. सातवं झाड राहिलं. मी सहा नर ओल्या पोत्यात गुंडाळले. बापाचा नियम होता, काढलेला नर उघडा ठेवायचा नाही, मेल्यावरही कळी उमलते. ड्रममध्ये टाकले, वरून दोन बादल्या पाणी ओतलं आणि झाकण लावलं. काम एकदम पक्कं.

संध्याकाळी घरी बायकोने उपासाची साबुदाण्याची खिचडी वाढली. मी तिला सगळं रंगवून सांगितलं. कसं ओळखलं, कसं उपटलं, एक पान मोडलं नाही. ती ऐकत होती. ती दरसाल दोडका वेलावरच वाळू देते आणि किचनच्या खिळ्याला टांगून ठेवते, पुढच्या बियाण्यासाठी. बाकी तिला या झाडातलं काही कळत नाही.

ती म्हणाली, "अहो, पण बाईंना तर बी पाहिजे होतं ना? सगळे नर काढले तर बी धरणार कसं?"

तिने टोमणा मारला नव्हता. सरळ विचारलं होतं. माझा हात ताटातच राहिला.

"काय झालं? तिखट झाली का?"

मी म्हटलं, हो, तिखट झाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गेलो आणि ड्रमचं झाकण काढलं. कळ्या काळ्या पडून लगदा झाला होता. पाणी लागलेली भुकटी मेलेली असते, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. मीच तर म्हणून पाणी ओततो. सात माद्यांना आता स्पष्ट पांढरे केस फुटले होते, सुरेख, जशा आमच्या शेतात असायच्या तशा. या सात झाडांना बी लागणार नव्हतं. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत ती वाळणार होती. मठाची माती जेसीबीने नेली होती, डबी रिकामी होती. खंडव्याचा वाण जगात जिथे कुठे होता तिथे होता, म्हणजे या जाळीत, आणि त्याचे नर मी माझ्या हाताने बुडवले होते. ज्या कामाची मला घमेंड होती त्याच कामाने.

राहिलं सातवं झाड. त्याला मी मादी ठरवलं होतं.

पुढचे तीन दिवस मी त्या झाडासमोर स्टूल टाकून बसलो. आयुष्यभर माझं म्हणणं खरं ठरावं म्हणून मी भांडलो आहे. कारखान्यात भांडलो, व्याह्यांशी भांडलो. आता या झाडापुढे बसून मी एकच मागत होतो, की माझं खोटं ठरू दे. डोळा बारीक करून बघायचो. कधी केस वाटायचा, कधी कळी. बायकोचा वाचायचा चष्मा नेऊन बघितला, त्याने तर पानंच दोन-दोन दिसायला लागली.

मॅडमजींचा फोन आला. मागे बाळ रडत होतं. नातू झाला म्हणाल्या.

"अभिनंदन, मॅडमजी."

"झाडं कशी आहेत?"

"ठीक आहेत."

"रिबनी पुरल्या ना?"

"उरल्या," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि मला माझीच लाज वाटली. असं उत्तर माझ्या बापाने दिलं नसतं. त्याच्या हातून नर राहिला असता तर माझ्या हातून राहिला म्हणून त्याने सांगितलं असतं.

चौथ्या दिवशी मी माळीणबाईला हाक मारली. ती त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. हे बोलायला मला किती वेळ लागला ते तिलाच विचारा. नळ सोडून, पाइप गुंडाळून, परत सोडून झाला तिचा.

"बाई, त्या दिवशी तू या झाडात काय बघितलं होतंस?"

तिने कमरेवर हात ठेवले. "अब कईं हुओ? थें तो बोल्या था, मादी हे."

"बोललो होतो. मला दिसत नाही नीट. तू बघ आणि सांग."

ती वाकली. पान अलगद वर केलं. दुसरं पान वर केलं, तिसरं केलं. मग माझं बोट धरून तिने पानाच्या बगलेशी नेलं. "आँख से मती देखो बासाब. हाथ से देखो." बोटाच्या टोकाला काहीतरी लागलं. गोल. मोहरीएवढं. देठावर हलणारं. एक नाही, झुपकाच होता. पण डबे ठोकून ठोकून माझं बोटही आता जाड झालेलं, खात्री वाटेना.

तरी मी तिथूनच मॅडमजींना फोन लावला. आधी खात्री करून घेऊ आणि मग सांगू, असं एक मन म्हणत होतं. सातवं नर निघालं तर सहांची गोष्ट दबूनही जाईल, असंही ते मन म्हणत होतं. त्या मनाचं ऐकलं नाही. सगळं सांगितलं. सहा काढले, पाण्यात बुडवले, रिबनी गठ्ठ्यातच आहेत, एकाबद्दल माझं आणि माळीणबाईचं जमत नाही, आणि तिचं खरं असावं अशी माझी इच्छा आहे.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला, बाळाचं रडणं बंद झालं.

"काका, तुम्ही?" एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग म्हणाल्या, "डबीतलं सगळं बी मी एकदम पेरलं. थोडं मागे ठेवायला पाहिजे होतं. घाई झाली माझी. ती चूक माझी." आणि लगेच, "त्या सातव्याला कुणालाही हात लावू देऊ नका. तुम्हीसुद्धा नाही. मी निघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बसमधून उतरून घरी न जाता थेट शेतावर आल्या. हातात बॅग तशीच. भिंग काढून सातव्या झाडाशी मातीत मांडी घालून बसल्या. आम्ही दोघं मागे उभे. मी गणपतीचं नाव घेत नाही कधी, तेव्हा घेतलं.

"माळीणबाई बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "नर आहे. चांगला आहे. उशिरा फुलणारा आहे, म्हणून तुम्हाला कळला नाही."

मी स्टुलावर बसलो. माळीणबाई माझ्याकडे बघत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"तो बासाब, अब उस्ताद कूण?"

"तू," मी म्हटलं. माझ्या तोंडून असा शब्द इतक्या लवकर कधी निघाला नसेल. आणि खरं सांगतो, हरल्याचं काहीच वाटलं नाही. चार दिवस छातीवर बसलेला दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटलं. मी हसायला लागलो. मॅडमजीही हसायला लागल्या, डोळे पुसत.

पण एकच नर आणि सात माद्या. कळ्या अजून मिटलेल्या. दसऱ्याच्या दुपारी आभाळ भरून आलं. कळी उमलायच्या वेळी पाऊस लागला तर भुकटीचा चिखल होतो. वर जाळी होती, जाळीतून पाणी येतंच. मॅडमजी वर प्लास्टिक बांधायला माणसं शोधायला धावल्या, सणाचा दिवस, माणूस मिळेना. तेवढ्यात थेंब सुरू झाले. मी खताची रिकामी पिशवी फाडली आणि दोन्ही हातांनी त्या झाडावर धरून उभा राहिलो. माळीणबाईने दुसरं टोक धरलं. अर्धा तास पाऊस. आमची डोकी भिजली, झाड कोरडं. बापाने मला तसं बघितलं असतं, नरावर छत्र धरून उभं राहिलेलं, तर त्याने मला ओळखलं नसतं. किंवा ओळखून बांधावरूनच हाक मारली असती, अरे काय करून राहिला?

दोन दिवसांनी कळ्या उमलल्या. मॅडमजींनी खाली काळा कागद धरला आणि फांदीला टिचकी मारली. कागदावर पिवळी भुकटी पडली, हळदीच्या चिमटीएवढी. ती बघून मला एकदम गार वाटलं. सगळं तरुणपण मी ती भुकटी पडू नये म्हणून वाकलो होतो. मॅडमजींनी बारीक ब्रशने ती एकेका मादीच्या केसांना लावली, वरून कागदाची टोपी बांधली. फांदी धरायचं काम माझ्याकडे होतं. ती हलू नये म्हणून मी श्वास रोखून धरत होतो. सात झाडं झाली तेव्हा कंबर सरळ होईना.

मग थांबायचं. दिवाळी आली, गेली. केस तांबूस झाले, सुकले, त्यांच्या मुळाशी फुगवटे आले. घरी मी फराळाच्या ताटावर रोज त्याचीच बातमी सांगायचो, आणि एक दिवस बायको म्हणाली, "आता उद्या मला खजराण्याला घेऊन चला. मी तिथे नवस बोलून मागच्या भिंतीवर स्वस्तिकाचा उलटा साथिया काढून आले होते. सुलटा करायचा आहे."

"कधी काढलास?"

"ज्या दिवशी खिचडी तिखट झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मी म्हटलं, "गांजाच्या झाडासाठी नवस? पुजारी काय म्हणेल?"

"त्याला मी नातवाच्या नोकरीसाठी सांगितलं. गणपतीला खरं सांगितलं."

आम्ही जाऊन आलो.

बी पिकल्याची खूण बायांना ठाऊक होती, मला नव्हती. ते मॅडमजींनी सांगितलं, की बी हिरवं असताना नाही, करडं होऊन त्यावर रेघा उमटल्या की काढायचं. त्या दिवशी आम्ही तिघं पांढरी चादर अंथरून बसलो. माळीणबाईने पहिली फांदी हातात चोळली. चादरीवर बी पडलं, मुगापेक्षा लहान, करडं, त्यावर तपकिरी रेघा, तेल लावल्यासारखं चकचकीत. आमच्या धंद्यात मालात एक बी निघालं तर मान खाली जायची. मी ते उचलून तळहातावर घेतलं आणि माझ्या जाड बोटांतून सटकलं. चादरीच्या बाहेर, मातीत. तिघंही गुडघ्यांवर. मॅडमजी म्हणाल्या, "राहू द्या काका, शेकडो आहेत आता." मी म्हटलं, राहू देणार नाही. सापडेपर्यंत कुणाला उठू दिलं नाही. माळीणबाईलाच सापडलं, अर्थात.

सगळं वाळवून, निवडून झालं तेव्हा मॅडमजींनी दोन पाकिटं केली. एक दूरच्या शहरातल्या सरकारी थंड कोठारात जाणार, एक कॉलेजच्या फ्रिजमध्ये.

मी म्हटलं, "तीन करा."

"काका, नियमात दोनच आहेत."

"तीन करा. एक ट्रकमध्ये हरवलं आणि एका फ्रिजची लाइट गेली तर? एकदा सगळं एकदम पेरलंत तुम्ही. एकदा सगळं एकदम उपटलं मी. आता तीन ठिकाणी राहिलं पाहिजे."

त्या हो म्हणाल्या नाहीत. फोन केले, वरच्यांना विचारलं, तासभर गेला. मी स्टुलावरून उठलो नाही. माझी बस गेली, नंतरचीही गेली. माळीणबाईने मला चहा आणून दिला आणि मॅडमजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बासाब नी उठेगा, लिखी लो." शेवटी कॉलेजच्याच दुसऱ्या इमारतीत, वेगळ्या कुलपात, तिसरं पाकीट ठेवायची परवानगी आली. मी बरोबर गेलो, पाकीट आत गेलेलं बघितलं, कुलूप ओढून बघितलं. रजिस्टरवर साक्षीदार म्हणून सही करायला सांगितली. हळूहळू केली, पण पूर्ण नावाची केली.

पुढच्या पेरणीत नर बघायचं काम माळीणबाई करणार आहे. रिबनी तीच बांधणार. मी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतो, असं मॅडमजींना कबूल केलं आहे, आणि स्टूल मात्र तिथेच राहील असंही सांगून ठेवलं आहे. ती चुकली तर बघायला कुणीतरी पाहिजे.

घरी आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बायकोने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं. तीन जागी." तिने वरण-भात वाढला, मी पोटभर जेवलो आणि झोपलो. पाचच्या सुमाराला तिने चहासाठी हाका मारायला सुरुवात केली. साताच्या शिफ्टला मारायची तशाच. मी ऐकत होतो, पण उठलो नाही.